मराठीत कंट्री सिंगल काढायचंय? तारीख सगळ्यात शेवटी ठरवा

आमची चूक आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं का सांगतेय ते कळेल. आम्ही तिघं. मी शब्द लिहिते आणि रिदम गिटार बडवते, एक मित्र गातो आणि माझा मामेभाऊ मिक्सिंगचं बघतो. पहिलं कंट्री गाणं (कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांची धाटणी) करायला घेतलं तेव्हा गाणं अर्धंच झालेलं होतं पण तारीख पक्की होती, गणेश चतुर्थीच्या आधीचा शुक्रवार, का तर लोक खूश असतात, सुट्ट्या असतात वगैरे. आता ज्याने पुण्यात एक जरी भाद्रपद काढलाय त्याला विचारा की त्या दिवसांत एक गिटार आणि एक गळा असलेलं संथ गाणं इथे कोण ऐकणारे! आणि त्याच्याही आधीची गंमत म्हणजे व्होकल आम्ही घरीच रेकॉर्ड केले, नदीपात्रापासून दोन गल्ल्या आत, म्हणजे बरोब्बर ढोलपथकांच्या सरावाच्या सीझनला. हेडफोन लावून ऐकलं तर प्रत्येक टेकच्या मागे बारीक धडाम धडाम, आणि एका टेकमध्ये तर कडव्यातला सगळ्यात हळवा शब्द आला आणि नेमका तिथेच ताशाचा तर्रर्र. शेवटी गाणाऱ्या मित्राला पहाटे पाचला उठवून, कपाटाच्या दारांवर गोधड्या टांगून गायला लावलं. सकाळचा आवाज घोगरा लागला, तो कंट्रीला बरा वाटला एवढंच नशीब.

तर आता दुसऱ्या गाण्याच्या वेळी जे शहाणपण आलं ते क्रमाने लिहिते.

पहिलं म्हणजे गाणं. कंट्री म्हणजे काउबॉय हॅट आणि इंग्रजी गाणाऱ्याचा नाकातला आवाज, असं डोक्यात असेल तर ते आधी काढा. १९२७ साली टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात राल्फ पीर नावाच्या माणसाने मशीन मांडून आसपासच्या लोकांना गायला बोलावलं, कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स या कंट्रीतल्या सुरुवातीच्या मोठ्या नावांची, दोघांचीही पहिली रेकॉर्डिंग्ज तिथलीच. रॉजर्स रेल्वेत काम केलेला माणूस, कार्टर मंडळी डोंगराळ भागातली, घरात गायची. म्हणजे मूळ मामला गाव, घर, शेत, आई, दारू, देव आणि निघून जाणारी गाडी एवढाच आहे, आणि यातलं आपल्याकडे काय नाहीये सांगा. अमेरिकन गाण्यात सारखा पिकअप येतो म्हणून लोक हसतात, पण पहाटे चारला मार्केट यार्डात जा, दोनशे पिकअप उभे असतात, प्रत्येकाच्या मागे काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातल्या अर्ध्या ओळी गाण्याच्या मुखड्याच्या लायकीच्या आहेत. आमचं गाणं मुळशीकडच्या एका घराचं होतं, जमीन विकून पिकअप घेतला, आता तो दारात उभाय आणि चावी खुंटीला. बस, एवढीच गोष्ट. कंट्रीला गोष्ट एकच लागते आणि ती तिसऱ्या कडव्यात थोडी वळली पाहिजे, बाकी उपमा रूपकं कवितेसाठी ठेवा.

एक वाईट आयडिया बऱ्याच जणांना येते, आम्हालाही आली होती, की एखादं गाजलेलं अमेरिकन गाणं घ्यायचं आणि त्यावर मराठी शब्द बसवायचे. करू नका. जसंच्या तसं कव्हर गायचं असेल तर लायसन्सची सोय काही डिस्ट्रिब्युटर करून देतात, पण शब्द बदलले, भाषांतर केलं, की ते वेगळं प्रकरण होतं, मूळ हक्कदाराची वेगळी परवानगी लागते आणि ती तुम्हाआम्हाला मिळत नाही.

छंदाचं मात्र मनापासून सांगते कारण यात आम्हाला खजिना सापडला. मराठी शब्द कंट्रीच्या चालीवर बसवताना ओळ लांब होते आणि गाणारा धापा टाकतो, भावगीताच्या सवयीने लिहिलं की हे होतंच. मग मी ओवी घेतली. ओवी साडेतीन चरणांची, शेवटचा चरण आखूड. तीन ओळी भरून गायल्या की चौथी अर्ध्यात संपते आणि उरलेल्या जागेत बरोबर गिटारचा एक तुकडा बसतो, जो कंट्रीत ओळीच्या शेवटी नेहमी असतोच! म्हणजे जात्यावरच्या बाईने ती जागा आधीच सोडून ठेवलेली. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हां यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर आहेत, त्यातल्या बऱ्याच नेटवर ऐकायला मिळतात, ऐका जरूर. ऐका म्हणजे ठेका कानात बसू द्या, उचलून आपल्या नावावर टाकू नका, त्या बायकांची नावं तिथे नोंदवलेली आहेत.

कॉर्डचं फार अवघड नाही. नॅशव्हिलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्रीच्या मुख्य शहराच्या, स्टुडिओत कॉर्ड अक्षरांनी न लिहिता आकड्यांनी लिहितात, १, ४, ५ असं, नील मॅथ्यूज नावाच्या गायकाने १९५०च्या दशकाच्या शेवटी शेवटी ही पद्धत काढली आणि मग सगळ्या वादकांनी उचलली, कारण गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. हे वाचून माझी आई म्हणाली यात नवीन काय, सा, म, प. आणि खरंच तेवढंच आहे. आम्ही कागदावर सा म प असंच लिहिलं, तबला शिकलेला ड्रमवाला होता त्यालाही कळलं.

ठेक्यासाठी ट्रेन बीट शोधा, नावाप्रमाणेच आगगाडी, स्नेअरवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या चरचरणाऱ्या छोट्या ड्रमवर, ब्रशने सलग वाजत राहतो. ड्रम परवडत नसेल तर अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशची युक्ती आहे, गिटारच्या तारांमध्ये वर-खाली अशी एक नोट ओवायची, तो डॉलर ओवायचा, मी दहाची जुनी मऊ नोट ओवली, कोरी नोट फार चरचरते. तारा थोड्या दबतात आणि प्रत्येक स्ट्रोकला छक छक असा कोरडा आवाज येतो. आमच्या गाण्यात पहिल्या कडव्याला ड्रम नाहीतच, ती नोट आहे.

आणि आता स्टील गिटार. कंट्रीतला तो रडवा, ओढलेला, लांबून येणारा आवाज म्हणजे पेडल स्टील, वाद्य महाग आणि वाजवणारा पुण्यात शोधायला गेलात तर दमाल. पण या वाद्याचे पूर्वज हवाई बेटांवरचे आणि तीच हवाईयन गिटार आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांच्या धुना वाजवायला घराघरात होती! शोधा, एखादे काका सापडतील. आम्हाला सदाशिव पेठेत सापडले, सत्तरीच्या पुढचे, पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात स्टीलचा रॉड. मी फोनवर पेडल स्टीलचे दोन नमुने ऐकवले, त्यात दोन सूर एकत्र सुरू होऊन एकच वर सरकतो ना, ते पेडलने होतं. काकांनी डोळे मिटून ऐकलं, रॉड जरासा तिरका धरला आणि जवळजवळ तसंच काढून दाखवलं. मग म्हणाले, अगं पण ते क्लिक का काय ते कानात टिकटिक नको, माणूस गातोय ना, मी त्याच्याबरोबर जाईन. आम्ही क्लिक, म्हणजे ताल धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक, बंद केला, हेडफोनमध्ये फक्त आवाज आणि रिदम गिटार दिली, आणि तिसऱ्या टेकला काम झालं. ओवीच्या त्या अर्ध्या चरणाच्या जागेत त्यांनी जे भरलंय ते गाण्यातलं माझं सगळ्यात आवडतं आहे, शब्द माझे असूनसुद्धा.

रेकॉर्डिंगला पैसे कुठे घालायचे असा प्रश्न असेल तर आवाजावर. बाकी घरी करा. कंट्रीत आवाज अगदी पुढे, कानाशी, आणि प्रत्येक शब्द कळला पाहिजे, रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, कमी, ऑटोट्यूनचा ठसका नको. भाऊ सतत गाणं मोठं मोठं करत होता, इतर गाण्यांपेक्षा बारीक वाटतं म्हणून. पण स्पॉटिफाय वाजवताना साधारण उणे १४ एलयूएफएसला (गाणं एकूण किती मोठं वाजतं ते मोजायचं माप) आणून ठेवतं, म्हणजे तुम्ही कितीही चेपून मोठं केलंत तरी ते खाली ओढणार आणि चेपलेलं तेवढं राहणार. शिखर उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. मिक्स झालं की गाडीत ऐका, आम्ही दुसरं गाणं वारज्यापासून चांदणी चौकापर्यंत ट्रॅफिकमध्ये ऐकलं, शब्द कळले म्हणजे पास.

आता कागद. हे कंटाळवाणं आहे आणि मैत्री याच्यावरच मोडते, म्हणून मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची तयार फाइल, हातात यायच्या आत करून टाका. एका गाण्यात कायद्याने तीन वेगळ्या गोष्टी आहेत, शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण, तिन्हीचे मालक वेगळे असू शकतात. एका कागदावर लिहा की शब्द कोणाचे किती टक्के, चाल कोणाची किती टक्के, रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला आणि ते कोणाच्या मालकीचं, खाली सह्या, फोटो काढून तिघांच्या ग्रुपवर. आम्ही पहिल्या वेळी केलं नाही, मग मुखड्याची चाल मी गुणगुणलेली की गाणाऱ्या मित्राची यावर दोन महिने अबोला होता, मी खरंच सांगतेय दोन महिने! काकांसारख्या वादकांना मानधन त्याच दिवशी द्या आणि श्रेयात नाव कसं हवंय ते विचारून घ्या, त्यांनी पाकीट उघडून न बघता खिशात घातलं पण नावाचं स्पेलिंग मात्र दोनदा तपासलं.

२०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा काढून घेता येत नाही, कोणी 'सगळे हक्क कायमचे' असा कागद पुढे केला तर हे आठवा. ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस, मुंबईची, १९६९ पासूनची, गीतकार संगीतकारांनी सभासद व्हायचं आणि मग गाणं तिथे नोंदवायचं. नुसतं सभासद होऊन उपयोग नाही, गाणं नोंदवायचं राहतं लोकांचं. कॉपीराइटची सरकारी नोंदणी सक्तीची नाही, गाणं तयार झालं की हक्क तयार होतोच, पण पुरावा म्हणून हवी असेल तर शब्द किंवा चालीला ५०० आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये फी आहे.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिक वगैरेंना पोचवणारा मधला माणूस, थेट तुम्ही टाकू शकत नाही. काही वर्षाची फी घेतात आणि कमिशन घेत नाहीत, डिस्ट्रोकिड तसा, काही एकदाच पैसे घेऊन वर टक्के कापतात, सीडी बेबी तसा. वर्षाला चार गाणी काढणार असाल तर पहिला प्रकार, आयुष्यात एकच काढणार असाल तर दुसरा. फॉर्म भरताना पुढच्या गोष्टींत लोक अडकतात.

कलाकाराचं नाव आधी सर्च करा, त्याच नावाचा ब्राझीलमधला डीजे निघाला तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं आणि परत आणायला जीव जातो. गाण्याच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठरवा, आमचं एका ठिकाणी दोन ए आणि एका ठिकाणी एक ए, अजून लोकांना सापडत नाही. नावापुढे 'ऑफिशियल साँग', 'नवीन मराठी गाणं २०२५' असलं काही जोडायचं नाही. भाषा मराठी निवडा, प्रकार कंट्रीच निवडा, 'रीजनल इंडियन' निवडायचा मोह होतो पण मग कंट्री ऐकणाऱ्यांपर्यंत पोचायची जी काय थोडी शक्यता आहे ती पण जाते. गीतकाराच्या जागी खरं पूर्ण नाव लागतं, टोपणनाव नाही.

कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. त्यावर इन्स्टाचं हँडल, वेबसाइट, फोन नंबर, कंपन्यांचे लोगो काही नको. आमचं कव्हर एकदा परत आलं, खुंटीवरच्या चावीचा फोटो होता, सुंदर, आणि चावीवर गाडीच्या कंपनीचा लोगो ठळक. मग चावी उलटी टांगून परत फोटो काढला. ऑडिओ वेव्ह फाइलच द्या, एमपीथ्री नाही.

आयएसआरसी म्हणून १२ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, तो त्या रेकॉर्डिंगचा आधार नंबर समजा. बहुतेक डिस्ट्रिब्युटर स्वतःच देतात, स्वतःचा हवा असेल तर भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था बघते. हा कोड कुठेतरी लिहून ठेवा, पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच कोड द्यायचा म्हणजे आधीचे आकडे टिकतात. पैसे अमेरिकेतल्या कंपनीकडून येणार असतील तर डब्ल्यू-८ बेन नावाचा तिथल्या टॅक्सचा फॉर्म येईल, घाबरू नका, पॅन नंबर घालून भरा.

हे सगळं झालं, फाइल चढली, की मग तारीख. शुक्रवार, कारण २०१५ पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारीच येतात. अपलोड आणि रिलीजमध्ये चार आठवडे ठेवा. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्सवरून प्लेलिस्टसाठी गाणं सुचवता येतं, ते रिलीजच्या निदान ७ दिवस आधी करा, नाहीतर ते गाणं तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नवीन गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत, येईलच याची खात्री राहत नाही. आम्ही पहिल्या वेळी बुधवारी चढवून शुक्रवारी सोडलं होतं, म्हणजे ते सगळं हुकलं. सुचवताना तिथे चार ओळी लिहायला जागा असते, 'हृदयस्पर्शी गाणं' लिहू नका, 'मुळशी, पुण्याजवळचा तालुका, जमीन विकून पिकअप घेतलेल्या कुटुंबाचं मराठी कंट्री गाणं, हवाईयन गिटार' असं लिहा, वाचणाऱ्याला धरायला काहीतरी द्या. गाण्याचे शब्द म्युझिक्समॅच या शब्द साठवणाऱ्या साइटवर टाकून ठेवा, म्हणजे स्पॉटिफायवर गाण्याबरोबर सरकतात, गोष्ट सांगणाऱ्या गाण्याला हे फार लागतं. पुण्यात तारीख निवडताना गणपती सोडा, दिवाळी सोडा, पालखी गावात असते ते दिवस सोडा. आम्ही दुसऱ्यासाठी जानेवारीतला शुक्रवार घेतला, थंडी होती, हुरडा पार्ट्या चालू, शेकोटीपाशी गिटार काढणारी मंडळी तयारच.

शुक्रवारी संध्याकाळी आकडे बघत बसू नका. मी बसले होते, सत्तेचाळीस, त्यातले वीस आई. अमेरिकेत कंट्रीचं सिंगल मुळात सावकाश चालणारं प्रकरण आहे. स्ट्रीमिंगला एका तारखेला येतं, रेडिओला कधीकधी वेगळ्या तारखेला देतात आणि मग रेडिओच्या चार्टवर ते महिनोन् महिने एकेक पायरी चढतं, काही गाणी वर पोचायला वर्षभर घेतात. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ आरपीएमच्या छोट्या तबकड्या काढल्या तेव्हा कंट्रीच्या तबकड्या चक्क हिरव्या रंगाच्या होत्या, म्हणजे दुकानदाराने लांबून ओळखावं की हे त्या लोकांचं गाणं. आपल्याकडे ते लोक कुठेत ते आपल्यालाच शोधायला लागतं. आम्हाला सापडले ते असे: विद्यापीठाच्या विद्यावाणी रेडिओसारख्या ठिकाणी जाऊन भेटायचं, कॅफेच्या ओपन माइकला फक्त गिटार घेऊन गायचं, आणि सगळ्यात उपयोगी पडले ते मार्केट यार्डातले एक ड्रायव्हर ज्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलं, तिथून जे पसरलं ते आमच्या सगळ्या रील्सनी मिळून झालं नसतं. प्रत्येक महिन्याला एक छोटी गोष्ट सोडा, नुसत्या गिटारवरचं व्हर्जन, काकांचा वाजवतानाचा व्हिडिओ, असं.

आणि इनबॉक्समध्ये येतीलच ते, 'मॅम ३,००० मध्ये लाखभर स्ट्रीम्स, हंड्रेड पर्सेंट ऑरगॅनिक'. एकाने तर दोन दिवसांत तीनदा फोन केला. ते बॉट, म्हणजे माणसं नाही तर आपोआप चालणारे खोटे श्रोते असतात, पकडलं गेलं की गाणं खाली उतरवतात आणि २०२४ पासून स्पॉटिफाय अशा ट्रॅकसाठी डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं, तो तुमच्याच खात्यातून वळता होऊ शकतो. तसंही आधीच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम्स झाल्याशिवाय त्या ट्रॅकचे रेकॉर्डिंगचे पैसे स्पॉटिफाय देत नाही, पण १,००० हा आकडा भाऊबंद, ऑफिस आणि सोसायटीचा ग्रुप मिळून होतो हो, थोडं निर्लज्ज व्हायला लागतं.

शेवटचं एक राहिलं, वर्षाची फी असलेला डिस्ट्रिब्युटर घेतला असेल तर फी भरायला विसरलात की गाणं सगळीकडून उतरू शकतं. मी फोनमध्ये गाडीच्या पीयूसीच्या रिमाइंडरच्या खालीच ते टाकून ठेवलंय, पीयूसी दोनदा चुकलीये, गाण्याची अजून एकदाही नाही.